बहुतेक न म्हणणारा माणूस

उमाळे सरांना मागून कोणी नुसतं "सर" म्हणून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. कानानं ठणठणीत होते. पण आमच्या राजापेठेतल्या ऑफिसचा जिना एकच. खालच्या मजल्यावर टायपिंगचे सर, वरच्या मजल्यावर फिजिक्सचे सर आणि मधे आमचे. "जिन्यात तीन सर हायेत. कोणता पाह्यजे थे सांगतलं नाही, मंग मी कावून वळू?" असं त्यांचं म्हणणं. वळले की मात्र पूर्ण वळायचे, हातातलं काम खाली ठेवून.

मला सुरुवातीला या सवयीचा भयंकर राग यायचा. मी मुळातच फटकळ. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेले हाड नाही. मुलाखतीला गेले तेव्हा बसल्या बसल्या म्हणाले, "सर, मला भावानं पाठवलं."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"सख्खा का चुलत?"

"चुलत. प्रमोद गावंडे."

"मंग असं म्हण ना. मी इकडं माह्या भावाचा विचार करून राहिलो. थो त वलगावले वावरात वांगे तोडून राहिला, थो तुले कुठं भेटला?"

मनात म्हटलं, हा माणूस डोकं खाणार. खाल्लंच. नऊ वर्षं खाल्लं, आणि आता कोणी खात नाही म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

सरांचं पूर्ण नाव वासुदेव महादेव उमाळे. वलगावचे माळी. घरचा भाजीपाला थोरला भाऊ पिकवायचा आणि दर मंगळवारी सर कापडी पिशवीतून ऑफिसात मेथी नाही तर सांबार घेऊन यायचे. पुण्याचा माणूस सांबार म्हटल्यावर इडलीकडे बघतो, आम्ही कोथिंबिरीकडे. प्रत्येक जुडीला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली असायची. सहा माणसांचं ऑफिस, सगळ्या जुड्या सारख्या, तरी चिठ्ठी. मी एकदा म्हटलं, "सर, मेथीच आहे, कोणीही कोणतीही नेली तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "आज मेथी हाये म्हणून बिघडत नाही."

आमच्या कंपनीचं स्वतःचं एक छोटं डेटाबेस होतं, सगळं सरांनी लिहिलेलं. माहितीच्या याद्या सांभाळायच्या आणि विचारलं की उत्तर काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम. जुनाट कॉम्प्युटरवर, नेट गेलेलं असतानाही चालायचं, म्हणून आमच्याकडच्या शाळा आणि दवाखाने ते घ्यायचे. त्यातला पार्सर म्हणजे माणसानं लिहिलेली आज्ञा वाचून तिचा अर्थ लावणारा भाग. सरांचा जीव त्या पार्सरमध्ये. सर लिहायचे आणि ते कुठं मोडतं हे शोधायचं काम माझं. माझ्या स्वभावाला ते फार चांगलं मानवलं.

कधी कधी एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. या यादीतली माणसं दाखव, पण त्या यादीत आहेत ती सोडून. या आतल्या प्रश्नाला सर पोटप्रश्न म्हणायचे. मला तो पहिल्यांदा समजावला तेव्हा त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा.

"हे घर, अन् हे घरातलं घर. आतून कोणी हाक मारली, दादा. आत दादा असला त थो ओ देईन. आत दादा नसलाच, त बाहेर ओसरीवरचा दादा म्हणन, मलेच बोलावलं, अन् उठून आत येईन. पाह्यजे होता एक, आला दुसरा. अन् गडबड झाली हे कोणालेच समजत नाही, कारण ओ त आली."

"मग बाहेरच्यानं उठूच नये ना."

"जगातले सगळे डेटाबेस असेच करतात व. नियमच हाये. कधी कधी बाहेरचाच पाह्यजे असते." मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "पण मले पटत नाही. नाही सापडलं त विचारावं. विचाराले लाज कायची?"

हे त्यांच्या डोक्यात कुठून बसलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फार पिच्छा पुरवला म्हणून. त्यांच्या लहानपणी वलगावात त्यांच्या गल्लीत चार वासुदेव होते. एका दुपारी कोणीतरी विहिरीवरून ओरडत आलं, वासुदेव पडला. कोणता, ते सांगितलंच नाही. चार घरांतून चार आया धावत सुटल्या. सरांची आई चुलीवरचं तसंच टाकून, डोक्यावरचा पदर सुटलेला, धावली. विहिरीपाशी जाऊन तीन आयांनी आपापल्याला बघून छातीला लावलं. "माही माय त्या दिवशी हासली, अन् मंग जन्मभर त्या हासण्याची तिले लाज वाटली," सर म्हणाले. बाजूलाच चौथी बसलेली होती.

आमच्या ऑफिसात 'बहुतेक' या शब्दाला बंदी होती. काम झालं का, असं विचारलं आणि कोणी "बहुतेक" म्हटलं की सर खुर्ची फिरवायचे. "अंदाज वावरात करा, पावसाचा. इथं झालं त झालं म्हणा, नाही त नाही म्हणा." नवीन पोट्टे त्यांची नक्कल करायचे. मीही करायचे, खोटं कशाला बोलू.

एका वर्षी सरांनी मनावर घेतलं आणि पार्सर बदलला. पोटप्रश्नातलं नाव आतल्या यादीत नसेल तर तो आता जागच्या जागी थांबायचा आणि विचारायचा, हे नाव कोणत्या यादीतलं. आठवडाभरात फोनवर फोन. शाळांचे निकाल छापता छापता अडकले, कुठं पुस्तकांची यादी निघेना. वर्षानुवर्षं चाललेल्या आज्ञा थांबायला लागल्या. कंपनीचे मालक, आम्ही त्यांना भैयासाहेब म्हणायचो, वर आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

"सर, लोक बोंबलून राहिले. नियमात बसते त चालू द्या ना. पाह्यजे त कोपऱ्यात एक सूचना दाखवा."

दोन दिवस सर अडून बसले. तिसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, घरून सारखे फोन, त्यात भैयासाहेब पुन्हा समोर उभे. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं. सूचना दाखवतो. चालवणारा वाचून घेईन बहुतेक."

मी मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. तोंडावर आलं होतं, सर, बहुतेक? पण ते दमलेले दिसले, भैयासाहेब उभे होते, आणि मी गिळलं. आयुष्यात एकदाच माझ्या जिभेला हाड आलं, तेही नको तिथं.

आमचं डेटाबेस अकोल्यातल्या एका दवाखान्यात होतं. नाव सांगत नाही. तिथं डायलिसिसच्या पाळ्या लागायच्या. रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटर सोमवारची यादी करायचा आणि त्या यादीतल्यांना फोनवर संदेश जायचा, उद्या तुमची पाळी आहे, अमुक वाजता या. यादी करताना दुसऱ्या दवाखान्यात गेलेले पेशंट वगळायचे, म्हणजे पोटप्रश्न आलाच. तिथल्या कोणीतरी ती गेलेल्यांची यादी नीटनेटकी करायला घेतली आणि रकान्याचं नाव 'रुग्ण क्रमांक' होतं ते 'जुना क्रमांक' करून टाकलं. पार्सर आत 'रुग्ण क्रमांक' शोधायला गेला. आत नव्हता. बाहेरच्या, सगळ्या पेशंटच्या यादीत होता, त्यानं ओ दिली. मग प्रत्येक माणसाचा क्रमांक त्याच्या स्वतःशीच ताडला गेला, प्रत्येकाचा जुळला, आणि सगळेच्या सगळे दुसरीकडे गेलेले ठरले. सोमवारची यादी कोरी निघाली. एकही संदेश गेला नाही. कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत सूचना आली होती, ती कोणी वाचली नाही.

सोमवारी सकाळी बरेचसे पेशंट सवयीनं आले. नर्सनी कागदावर नावं लिहून काम निभावलं. पण कोण आलं नाही, हे बघायला यादीच नव्हती. दुपारी दवाखान्यातून फोन आला, सरांनी वीस मिनिटांत चूक शोधली. आम्हाला वाटलं, निभावलं.

तीन आठवड्यांनी एक फोन मी उचलला. बाईचा आवाज, तरुण.

"मी तिवस्यावरून बोलते. दवाखान्यातून तुमचा नंबर भेटला. माह्या सासूच्या नंबरवर त्या सोमवारी पाळीचा मेसेज पाठवला होता का तुमी?"

"कावून विचारता?"

"घरचे म्हणतात मेसेज आला होता, मीच पाह्यला नाही. मोबाईल माह्याजवळ राहे. मी पाहता पाहता पुसून टाकला म्हणतात. मले माहेरी आणून टाकलं. मले फक्त लिहून द्या, आला होता का नाही थे."

सर माझ्याकडेच बघत होते. "कोणती सासू? पुरं नाव विचार."

शेवंताबाई किसन बनारसे, मूर्तिजापूर. देवळापाशी हार विकायच्या. आधी एकदा दवाखान्यातलं मशीन बंद असताना अकोल्याला हेलपाटा पडला होता, तेव्हा तिथल्या कोणीतरी दटावून सांगितलं होतं, मेसेज आल्याशिवाय येत जाऊ नका. म्हणून त्या सोमवारी त्या थांबल्या. मंगळवारी अंग सुजलं. बुधवारी सकाळी स्टेशनवर नेता नेता ऑटोत गेल्या.

मी एकेक वाक्य मोठ्यानं सांगत होते आणि सर ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेत होते. शेवटचं लिहिलं नाही.

भैयासाहेबांनी वकिलाला विचारलं. दार लावून घेतलं, पण पातळ प्लायवूडचं दार, मला सगळं ऐकू येत होतं.

"लिहून देऊ नका, सर. नियमानं आपला पार्सर बरोबर हाये. रकाना त्यायनं बदलला."

"नियमानं बरोबर हाये."

"मंग?"

"पोरीनं नियम कुठं विचारला? तिनं विचारलं, मेसेज गेला होता का."

"सहा घरच्या चुली हायेत सर इथं. उद्या कोर्टात गेले त?"

"जातीन त जातीन. त्या पोरीची चूल त आपण इझवलीच हाये."

कंपनीचा कागद त्यांनी वापरला नाही. वहीतले दोन कोरे कागद फाडले आणि स्वतःच्या अक्षरात दोनदा लिहिलं: त्या सोमवारी शेवंताबाई किसन बनारसे यांच्या फोनवर पाळीचा संदेश गेलाच नाही. मी केलेल्या कामात चूक होती. जो संदेश आला नाही तो सुनेनं पुसला, असं कोणी म्हणू नये. खाली पूर्ण नाव आणि गाव. मला वाचायला दिलं. "काही अंदाज राह्यला का यात?" मी म्हटलं, नाही.

मूर्तिजापूरला मी त्यांच्यासोबत गेले. कोणी बोलावलं नव्हतं. बडनेऱ्याहून गाडीत बसलो ते उतरेपर्यंत सर हातातली पिशवी मांडीवर धरून बसले होते. घर दोन खोल्यांचं, समोर झेंडूचा ढीग. म्हातारे किसनराव आणि मुलगा हार ओवत बसले होते. सरांनी उभ्या उभ्याच कागद वाचून दाखवला, मग परत एकदा वाचला.

"कंपनीनं पाठवलं का?" मुलानं विचारलं.

"नाही. मी आलो."

"म्हणजे तिनं मेसेज पुसला नाही," म्हातारे म्हणाले.

"पुसाले होताच नाही."

किसनरावांनी सुई झेंडूत खोचून ठेवली. मग सवयीनं आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "चहा ठेव व, पाव्हणे आले." आत कोणी नव्हतं. चहा ठेवणाऱ्या दोन्ही बाया त्या घरात उरल्या नव्हत्या. मुलगा उठला आणि त्यानंच चहा केला. नुसता पाक होता, पण आम्ही प्यायलो.

निघताना म्हाताऱ्यानं विचारलं, "माफी मांगाले आले होते का तुमी?"

"नाही. सांगाले आलो होतो. माफी तुमाले तिवस्याले मांगाची हाये."

मला वाटलं आता मार खाऊन जातो. पण मुलगा फक्त म्हणाला, "निंघा आता," आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी तिवसा. पोरीचं नाव पल्लवी. अंगणात उभ्यानंच तिनं कागद दोनदा वाचला, घडी केली, आतून आपल्या शाळेच्या सर्टिफिकेटांची प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यात घातला.

"मूर्तिजापूरले बी दिला," सर म्हणाले. "थे येतीन तुले न्याले."

"येऊ द्या. मी नाही जात. मले फक्त लिहून पाह्यजे होतं." मग पिशवीची गाठ मारता मारता, सरांकडे न बघता म्हणाली, "मी सोमवारी त्याईले म्हटलं होतं, आत्या, मेसेज नाही आला तरी चला, जाऊन विचारू. त्या म्हणे, नाही व, पाळी असती त त्यायनं कळवलं असतं. लय भरोसा होता त्याईचा."

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. तिकीट घेतल्यावर म्हणाले, "मी त्या दिवशी बहुतेक म्हणलो होतो. तू आयकलं होतं ना?"

"हो."

"मंग बोलली कावून नाही?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी दिलं नाही. अजून माझ्याजवळ ते नाही, आणि ते मला रोज टोचतं.

पुढचे अकरा दिवस त्यांनी पार्सरवर काम केलं. आता आतलं नाव आत नसेल तर तो थांबतो. कोपऱ्यात सूचना नाही, पिवळी अक्षरं नाहीत, पुढं जातच नाही. बाहेरच्या यादीतलंच नाव पाहिजे असेल तर त्याच्या आधी त्या यादीचं नाव लिहावं लागतं. आणि लोक बोंबलू नयेत म्हणून सरांनी एकेका शाळेला, एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावला आणि त्यांच्या जुन्या आज्ञा एकेक करून दुरुस्त करून दिल्या. हेच आधी केलं असतं तर, असं मी मनात म्हटलं. त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं. मी मोडायला म्हणून तीन दिवस त्या पार्सरशी झटले, मोडला नाही. मग सरांनी राजीनामा दिला. भैयासाहेब नाही म्हणत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी त्यांना हलकं वाटलं हेही दिसत होतं. कोर्टात कोणी गेलं नाही. जाताना मंगळवार नव्हता, तरी सरांनी मेथी आणली होती. सहा जुड्या, सहा चिठ्ठ्या.

त्यानंतर त्यांची गाठ नाही. फोन केला तर उचलायचे, वावरात हाओ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मामाला घेऊन मी त्याच अकोल्याच्या दवाखान्यात गेले. सोमवार होता. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर पाठमोरा एक माणूस, केस पांढरेफटक, मांडीवर रजिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण नाव विचारत होता आणि खूण करत होता.

"सर," मी म्हटलं. वळले नाहीत.

"वासुदेव महादेव उमाळे."

पेन खाली ठेवून ते पूर्ण वळले. "सुनंदा रामराव गावंडे," म्हणाले. हसले नाहीत. नर्स सांगत होती, दर सोमवारी पहाटेच्या गाडीनं येतात, पैसे घेत नाहीत, शेवटचा माणूस आला की जातात. दवाखान्यालाही त्यांनी सगळं जाऊन सांगितलं होतं, आणि मग हे काम मागून घेतलं होतं.

"पार्सर आता थांबतो, सर," मी म्हटलं. "तुमच्या मागं एकदाही चुकला नाही. मग तुम्ही कशाला?"

"यादी बरोबर निंघते, माईत हाये मले. पण मेसेज गेला म्हणजे माणूस आला असं नाही ना."

रजिस्टरात एकाच नावापुढं खूण नव्हती. दर्यापूरकडची कोणी बाई. घड्याळात दहा वाजून गेले होते. त्यांची नजर सारखी त्या नावाकडे जात होती, आणि मला त्यांची कीव आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येत असतील सर, रस्त्यात असतील बहुतेक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खिशातून फोन काढला, रजिस्टरावर बोट ठेवून एकेक आकडा दाबला आणि कानाला लावून धरला. बराच वेळ रिंग वाजत राहिली, ती मलाही ऐकू येत होती.

"हॅलो. कोण बोलते? पुरं नाव सांगा," ते म्हणाले. मग ऐकत राहिले. "कोणी सांगतलं, पाळी नाही म्हणून? हाये पाळी. मी सांगून राहिलो ना, हाये. निंघा तुमी. किती बी वेळ लागू द्या, मी इथंच बसून हाओ."